जावयाचं पथ्य

त्रेचाळीस. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला आकडा सकाळपासून एकेक पायरी चढत होता आणि मी समोर बसून नुसती बघत होते. चव्वेचाळीस झाला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पंचेचाळीसच्या पुढे लाल पट्टी येणार, पन्नासला कॅमेरा आपणहून बंद पडणार, आणि तो बंद पडला की माझी तिसरी आणि शेवटची चाचणी संपणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मे महिना होता, कोल्हापूरजवळ शिरोलीतली एक फाउंड्री होती आणि मी सव्वीस वर्षांची होते. पुण्याच्या एका कंपनीतर्फे कारखान्यांमध्ये कॅमेरे बसवून द्यायचं काम करायचे. हे कॅमेरे फोटो काढायला नसतात, राखणीला असतात. इथलं काम सोपं होतं. वाळूचे साचे भरलेले लोखंडी बॉक्स रुळांवरून एकामागून एक सरकत यायचे, दर अठरा सेकंदांना एक. वर वितळलेल्या लोखंडाचं भलंमोठं भांडं. बॉक्स भांड्याखाली आला की भांड्याचं बूच उघडायचं, लाल-पांढरा रस साच्याच्या तोंडात पडायचा, आणि तोंड भरत आलेलं बघून कॅमेरा बूच बंद करायचा. त्याआधी एकतीस वर्षं हेच काम आप्पासो मगदूम आपल्या डोळ्यांनी आणि हाताच्या दांड्याने करत होते. आता ते भांड्याशेजारी उभं राहून कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायचे. म्हणजे राखणदाराचे राखणदार.

मला त्या रसाची भीती वाटायची. हे सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. माझं टेबल पंधरा फुटांवर होतं, तरी बूच उघडलं की चेहऱ्यावर झळ यायची आणि मी नकळत खुर्ची मागे सरकवायचे. आप्पासो चार फुटांवर उभे असायचे.

कॅमेऱ्याचे लाड मात्र विचारू नका. पंचेचाळीस अंशांच्या वरची हवा त्याला चालत नव्हती, ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा चालत नव्हता, काचेवर दव धरलेलं चालत नव्हतं, धूळ नको, हादरे नकोत. पाण्याचे शिंतोडे तेवढे चालत, कारण त्याची पेटी बंद होती. हे सगळं मी माझ्या हाताने मराठीत एका कागदावर लिहिलं, वर 'कॅमेऱ्यासाठी सुरक्षित परिस्थिती' असा मथळा दिला, प्लास्टिकमध्ये घातलं आणि पॅनेलच्या दारावर लावलं. अक्षर चांगलं आहे म्हणून थोडी मिरवलेही. आप्पासोंनी चष्मा लावून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"ह्यो जावई लई नाजूक हाय बगा," ते म्हणाले. "उकाडा चालंना, दमट चालंना, धुरळा चालंना. आमच्या पोरीला असला न्हाई मिळाला ते बरं झालं."

त्या दिवसापासून कॅमेऱ्याचं नाव जावईबापू पडलं आणि माझ्या कागदाचं जावयाचं पथ्य. सगळे हसले, मीही हसले. पण मनातून चिडले होते. इतकं मन लावून लिहिलेलं कुणीतरी चेष्टेवारी नेलं की मला सोसत नाही, हा माझा जुना दोष आहे.

पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. मी पाण्याची बाटली घेऊन आत निघाले तेव्हा दारापाशी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यावर आप्पासोंनी मला अडवलं. माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि बाहेर माठाशेजारी ठेवली. तो माठ त्यांच्याच देखरेखीखाली होता. रोज सकाळी ते त्याला ओलं पोतं गुंडाळायचे. प्यायचं पाणी म्हणजे तो माठ, आणि तो पट्ट्याच्या बाहेर. पाणी प्यायलेला माणूससुद्धा हात आणि मिशा पुसून मगच आत यायचा. मग त्यांनी मला छपराकडे बघायला सांगितलं. जुन्या काळ्या पत्र्यांमध्ये एक पत्रा नवा होता.

"त्या पत्र्याखाली माझा मेव्हणा उभा हुता," ते म्हणाले. "पाणी रसावर पडलं तर नुसतं नाचतंय. रसाखाली घावलं तर माणसांस्नी नाचवतंय."

खाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती अंगावरचं लोखंड उडवून लावते, हे मी कॉलेजात शिकले होते. पण त्यांनी सांगितलेला पुढचा भाग कुठल्या पुस्तकात नव्हता. त्या दिवशी झाडलोट करणाऱ्या माणसाला भट्टीत जाणारं भंगार ओलं दिसलं होतं. ते कुणाला सांगावं, म्हणून तो सुपरवायझरला शोधायला गेला. तो परत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. तेव्हापासून त्या शेडमध्ये रीत पडली होती. कुणालाही काही वावगं दिसलं की त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांत अडकवायचे. हात दिसले की लाईन बंद. कुणी कारण विचारायचं नाही, कुणी ओरडायचं नाही. नंतर मात्र हात वर करणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून आपलं नाव आणि कारण सांगायचं. आधी हात, मग बात, असं ते म्हणायचे.

मी हे सगळं मान डोलवत ऐकलं. हा नियम त्यांच्यासाठी आहे, असं मला त्या वेळी वाटलं असावं.

चाचणीची अट अशी होती की कॅमेऱ्याने सलग आठ तास न थांबता काम करायचं. सोमवारी तो दुपारी दीडला बंद पडला, मंगळवारी पावणेदोनला. पेटी गार ठेवायला दाबाची हवा सोडलेली होती, पण दुपारी कारखान्याचा कॉम्प्रेसर तापायचा आणि हवेचा जोर जायचा. कॉम्प्रेसर दुरुस्त व्हायला आठवडा लागणार होता. वर्क्स मॅनेजर शिरगुप्पे साहेब सज्जन माणूस, त्यांनी शांतपणे सांगितलं की आज जमलं तर ठीक, नाहीतर कॅमेरा काढून घेऊन जा. पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन आला. ते फक्त 'परत आलीस की बोलू' एवढंच म्हणाले. आमच्या ऑफिसात ते वाक्य ऐकलेल्या दोघांनी त्यानंतर आपापली टेबलं रिकामी केली होती.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. लाईन थांबली, माणसं मागच्या दाराने कॅन्टीनकडे गेली. भांडं मात्र तसंच धगधगत होतं आणि त्याच्यासमोर माझा कॅमेरा भाजत होता. आकडा पंचेचाळीस झाला. माझ्या घशाला कोरड पडली म्हणून मी पुढच्या दाराबाहेर माठापाशी गेले. पेला भरताना हाताची पाठ पोत्याला लागली.

इतकं गार होतं ते. उन्हात उभ्या असलेल्या माठातलं पाणी ज्याने गार राहतं, त्याने कॅमेरा का राहणार नाही, हा विचार मनात आला आणि मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. शिंतोडे चालतात असं पथ्यात मीच लिहिलं होतं. मी पोतं सोडलं, पिळलं, परत एकदा पिळलं, आणि काखेत धरून पट्टा ओलांडला. आप्पासोंचा नियम मी विसरले नव्हते. पेटी भांड्याच्या वर नाही, अलीकडे रुळांच्या वर आहे, आणि पिळलेलं पोतं म्हणजे काही पाणी नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शिडीवर चढण्याआधी मी इकडेतिकडे बघितलं, हेही मला आठवतं. चांगल्या कामाआधी कुणी असं बघत नाही.

पोतं पेटीवर टाकून मी खाली उतरले आणि दहा मिनिटांत आकडा एकेचाळीसवर आला. मी टेबलावर डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली. तीन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

एक वाजून दहा मिनिटांनी सगळे परत आले. आप्पासोंनी सवयीप्रमाणे कोरडेच हात सदऱ्याला पुसले, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, पायांवर कातडी पट्ट्या बांधल्या आणि लाईन सुरू करायची खूण केली. त्यांचं पॅनेलकडे लक्ष होतं. वर पेटीकडे कुणी बघितलं नाही. जावईबापूंची चौकशी करायला कुणी शिडी चढत नसतं.

सुट्टीत भांड्याखाली उभा राहिलेला बॉक्स आधी भरायचा होता. बूच उघडलं, रस पडला, तोंड भरलं, बूच बंद झालं. आकडा एकेचाळीस. मी खुर्चीत जरा सैल बसले आणि तेव्हाच मला पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं.

कॅमेऱ्याला भांड्याखालचा बॉक्स मध्यभागी दिसायचा आणि मागे रांगेत उभे असलेले पुढचे दोन-तीन कोपऱ्यात. त्यातल्या शेवटच्या बॉक्सच्या तोंडाभोवतीची वाळू काळी दिसत होती. बाकीच्यांची राखाडी होती. मी चित्र मोठं केलं. काळा डाग पसरलेला होता, हाताच्या पंज्याएवढा, आणि मधल्या भोकाची कड चकाकत होती. मी बघत असतानाच वरून काहीतरी आलं आणि त्या डागात पडलं. थेंब होता.

जेवणाच्या सुट्टीत लाईन चाळीस मिनिटं उभी होती. तेवढा वेळ तोच एक बॉक्स माझ्या पेटीखाली होता.

मी पडद्यावर बोट ठेवून बॉक्स मोजले. त्या बॉक्सच्या पुढे दोन बॉक्स होते. म्हणजे तो तिसरा. मधे अठरा दुणे छत्तीस सेकंद.

पुढचा बॉक्स सरकून भांड्याखाली आला. ही सावली असेल, मी स्वतःला म्हटलं. डोळे चोळून परत बघितलं. सावली नव्हती. हात वर करायचे, एवढंच काम होतं. पण हात वर केले की लाईन बंद, चाचणी बंद, आणि मग या सगळ्या माणसांसमोर उभं राहून नाव आणि कारण सांगायचं. नाव सांगता आलं असतं. कारण कसं सांगणार? रस पडला, तोंड भरलं. पहिला बॉक्स गेला.

दुसरा आला. साच्याच्या वाळूत थोडं पाणी मुळातच असतं, ते नसेल तर साचा धरतच नाही, हे मला आठवलं आणि मी त्या विचाराला बुडत्यासारखी चिकटले. वाळू पाणी पिऊन टाकेल. काही होणार नाही. मी हे मनात म्हणत होते आणि माझे दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते, जसे काही ते माझं न ऐकता वर जातील. तेवढ्यात आप्पासोंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. का बघितलं, देव जाणे. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. मी मान खाली घातली. दुसरा बॉक्स भरला.

तिसरा सरकू लागला. आप्पासो त्याच्या बाजूला, चार फुटांवर, एक पाय जरा पुढे टाकून उभे होते. वरचा नवा पत्रा मला दिसला. मग काय झालं मला सांगता येणार नाही, पण मी खुर्चीवरून उठले होते आणि माझे हात डोक्यावर होते.

आप्पासोंचा पंजा लाल बटणावर पडला तोवर बूच उघडलेलं होतं. वाटीभर रस साच्यात गेला असेल. पूर्ण भरायला चाळीस किलो लागतो.

त्या वाटीभर रसाने जो आवाज केला तो मी अजून झोपेत ऐकते. पांढरा झोत वर गेला आणि ठिणग्या सगळीकडे पडल्या, माझ्या टेबलावर, वहीवर, डब्याच्या झाकणावर. मी खाली बसले होते. उठले तेव्हा शेडमध्ये धूर होता, भांड्याचं बूच बंद होतं आणि आप्पासो जमिनीवर बसून डाव्या पायाची कातडी पट्टी ओरबाडत होते. जोंधळ्याच्या दाण्याएवढा लोखंडाचा थेंब पट्टीच्या फटीतून बुटात शिरला होता. ते ओरडत नव्हते. दातांतून श्वास घेत होते, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

कुणीतरी पाणी आणायला धावलं. आप्पासोंनी हात आडवा करून त्याला थांबवलं. शेवटी दोघांनी त्यांना उचलून पट्ट्याच्या बाहेर नेलं, दारापाशी बसवलं आणि माठ त्यांच्या पायावर रिकामा केला. माठ पोत्याविना उघडा होता. त्यातलं पाणी एव्हाना कोमट झालेलं असणार. आप्पासोंनी आधी उघड्या माठाकडे बघितलं, मग आतल्या पेटीकडे, मग माझ्याकडे. शिरगुप्पे साहेब पळत आले होते, तेही बाजूला उभे राहिले. रीत अजून पुरी व्हायची होती.

"हात कुणी वर केलं?" आप्पासोंनी विचारलं.

"मी. रेणुका तेंडोलकर."

"कारण?"

"पेटीवर पोतं मी टाकलं होतं. त्याचं पाणी बॉक्समध्ये गेलं."

वीस-बावीस माना पेटीकडे वळल्या. मला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कवा कळालं तुमास्नी?"

"आत्ताच," मी म्हटलं. "दिसल्या दिसल्या हात वर केले."

त्यांनी मान वळवून आत भरून पुढे गेलेल्या दोन बॉक्सांकडे बघितलं. मग पायाकडे बघून म्हणाले, "बरं केलंसा." त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा मी आत लॅपटॉप बंद करायला गेले. पडद्यावर हिरवी पट्टी होती. तापमान एकेचाळीस, सर्व काही मर्यादेत.

माझी नोकरी गेली नाही. उलट झालं. शिरगुप्पे साहेबांनी आमच्या साहेबांना पत्र लिहिलं की चूक तुमच्या बाईंची होती, पण त्यांनी लाईन थांबवली आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली, अशी माणसं कमी असतात. पुढे कॅमेऱ्याला गार ठेवायची वेगळी व्यवस्था झाली, चाचणी पार पडली. आमच्याकडे नवीन भरती झाली की साहेब मला उभी करून ही गोष्ट सांगायला लावायचे. प्रामाणिकपणाचा धडा म्हणून. मी सांगायचे. पोत्याचं सांगायचे, थेंबाचं सांगायचे, हात वर केल्याचं सांगायचे. छत्तीस सेकंदांचं मी कधी कुणाला सांगितलं नाही. पहिल्याच बॉक्सला हात वर केले असते तर तिसरा भांड्यापर्यंत पोचलाच नसता, आणि आप्पासोंच्या डाव्या पायाची दोन बोटं जागेवर राहिली असती.

आप्पासोंना भेटायला मी गेले नाही. त्यांचं गाव तिथून अर्ध्या तासावर आहे. कामं असतात, असं मी म्हणायचे.

गेल्या वर्षी त्या फाउंड्रीत नवा कॅमेरा बसवायचा होता आणि माझ्याकडे पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. शिरगुप्पे साहेब निवृत्त झालेले, आप्पासोही. त्यांच्या जागी सुकुमार नावाचा चाळिशीचा माणूस होता. तो मला ओळखत नव्हता. पट्टा होता, माठ होता, माठाला ओलं पोतं होतं. पॅनेलच्या दारावर माझा कागद अजून होता. प्लास्टिक पिवळं पडलेलं, शाई फिकी झालेली, पण अक्षर माझंच. मी नवा कागद लावायला तो काढला, आणि सगळ्यात खाली, धूळ-हादऱ्यांच्या नंतर, मला दुसऱ्या हाताने लिहिलेली एक ओळ दिसली. बॉलपेनने, जोर देऊन, वाकड्या अक्षरांत.

'दिसलं की हात वर. बॉक्स मोजत बसू नये.'

मी ती ओळ कितीतरी वेळ वाचत होते. सुकुमार जवळ आला. तो म्हणाला की हे आप्पासोंनी लिहिलंय, पाय भाजल्यावर तीन महिन्यांनी कामावर आले त्या पहिल्या दिवशी, लंगडत येऊन सगळ्यात आधी हेच केलं म्हणे. तेव्हापासून नव्या माणसाला हे पथ्य तोंडपाठ करावं लागतं.

"आमाला पाठ हाय सगळं," तो म्हणाला. "पण एक सांगा मॅडम. माणूस समोर उभा असताना बॉक्स कोन मोजत बसंल? आप्पांस्नी लई येळा इचारलं. ते काय सांगत न्हाईत."

मी कागद होता तिथेच परत लावला. पलीकडे एक बॉक्स भांड्याखाली आला, भरला, गेला. दुसरा आला. सुकुमार माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता.

तिसरा यायच्या आत मी म्हटलं, "मी मोजले होते."